छिद्रं तीनच, पण ऑपरेशन मोठं

मावळातल्या वराळे, आंबी, इंदोरी, नवलाख उंबरे या पट्ट्यात चाळिशीच्या आसपासच्या बाईला अंगावरून जास्त जायला लागलं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अगं, आता दुर्बिणीनं करतात, दोन दिवसांत घरी येशील." सांगणारी कधी जाऊ असते, कधी नणंद, कधी एमआयडीसीत शेजारी उभं राहून काम करणारी मैत्रीण. सांगते ते खोटं नसतं. दुर्बिणीनं करतात, आणि दोन-तीन दिवसांत घरीही येता येतं. पण त्या धीरापायी दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. ऑपरेशन खरंच लागणार आहे का? आणि घरी आल्यावर काय? हा लेख मुख्यतः या दोन प्रश्नांसाठी आहे. ऑपरेशन कसं होतं ते आधी थोडक्यात सांगते, कारण ते डोळ्यांपुढे आलं की पुढचं समजायला सोपं जातं.

दुर्बीण आपल्याकडच्या बायकांना नवी नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरात "टाक्याचं की दुर्बिणीचं?" हे कित्येक वर्षं विचारलं जातंय. शिबिरातल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गर्भनलिकांवर रिंग चढवतात, काही मिनिटांचं काम असतं. गर्भपिशवी काढणं किंवा पिशवीतली गाठ काढणं दुर्बिणीनंच होत असलं, तरी त्याचं वजन वेगळं आहे. शिबिरात झालेल्या ऑपरेशनवरून या ऑपरेशनचा अंदाज बांधू नका.

पूर्ण भूल दिली जाते. बेंबीपाशी साधारण एक सेंटिमीटरचा छेद घेऊन तिथून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. हाच वायू वापरतात, कारण तो पेट घेत नाही (आत विजेच्या उपकरणानं रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात) आणि रक्तात सहज विरघळून श्वासावाटे निघून जातो. पोटाची भिंत वर उचलली गेली की बेंबीतून दुर्बीण आत जाते. टेबल डोक्याकडून खाली कलतं करतात, त्यामुळे आतडी वर छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. मग ओटीपोटावर पाच-पाच मिलिमीटरची आणखी दोन किंवा तीन छिद्रं, त्यांतून कात्री, चिमटा, सुई. सर्जनची नजर समोरच्या पडद्यावर असते, तिथे आतलं सगळं कित्येक पट मोठं दिसतं. पिशवी काढायची असेल तर ती चारी बाजूंनी सोडवून योनीमार्गातून बाहेर घेतात आणि आतलं तोंड टाके घालून बंद करतात. बाहेर दिसत नसली, तरी ही जखम मोठी असते.

मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी पिशवीच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून, पिशवीला रक्त देणाऱ्या रोहिणीच्या खालून जाते. पोट उघडून करा की दुर्बिणीनं, त्या अंतरात फरक पडत नाही. म्हणून छिद्रं किती बारीक यापेक्षा ती उपकरणं कोणाच्या हातात आहेत हे महत्त्वाचं.

या विद्येत महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये देशातलं पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन तिथेच केलं. त्याआधी १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीनं पहिली गर्भपिशवी काढली होती. पुण्यात गॅलॅक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या चमूनं मे २०१७ मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. दात्या स्त्रीचं गर्भाशय त्यांनी दुर्बिणीच्या मदतीनं काढलं होतं. तिथल्याच एका प्रत्यारोपणानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगी जन्माला आली. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर एवढं कसब आहे. ते आपल्याला कधी लागतं, हे ओळखणं आपल्या हातात आहे.

आता पहिला प्रश्न. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याची ओरड २०१९ मध्ये झाली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के होतं. शेजारी ठेवून हे दोन आकडे वाचा. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पुढे कॅन्सर होईल ही भीती, आणि पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, या साऱ्यावर एकच तोडगा दिला गेला. मावळातली परिस्थिती बीडइतकी टोकाची नाही, पण "कटकट एकदाची काढून टाका" हा सल्ला इथेही ऐकू येतो, आणि दुर्बिणीमुळे तो गळी उतरवणं सोपं झालंय.

सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भपिशवी ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यांत चाळिशीच्या आतल्या स्त्रीची पिशवी काढायची असेल तर दोन डॉक्टरांचं मत असावं असं आहे. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं म्हणून पहिल्यांचा अपमान होत नाही. तसं कोणी सुचवलं तर मनावर घेऊ नका. चाळिशीच्या पुढेही दुसरं मत घ्याच.

ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी निदान एवढं झालेलं असावं: सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइडची तपासणी, पिशवीच्या मुखाची पॅप तपासणी, आणि वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल किंवा रक्तस्राव अवेळी होत असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल डाग दिसला, तर तो कितीही थोडा असो, त्याच आठवड्यात दाखवा.

पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गामुळे असतं, त्यावर गोळ्या असतात. त्यासाठी पिशवी काढायची नसते. अंडाशयावर पाच सेंटिमीटरच्या आतली साधी पाण्याची गाठ पाळी चालू असलेल्या बाईत पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते, पुन्हा सोनोग्राफी करून पाहायचं. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी गाठ, त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, पाळी गेल्यावर तो सहसा आक्रसतो. नुसताच रक्तस्राव जास्त असेल तर ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, आणि हार्मोन सोडणारी तांबी आहे, जिला डॉक्टर मिरेना म्हणतात. ती बसवली की पहिले तीन-चार महिने थोडं थोडं लाल जात राहतं आणि अनेकजणी कंटाळून काढून घेतात. तेवढा काळ कळ काढली तर पुढे रक्तस्राव खूप कमी होतो, आणि ती पाच वर्षं काम करते. पंचेचाळिशीच्या बाईला ती बहुधा पाळी जाण्याच्या वयाच्या जवळ नेऊन सोडते. हा उपाय डॉक्टरांनी आपण होऊन सांगितला नाही, तर तुम्ही नाव घेऊन विचारा.

हे सगळं करून पाहिलं, हिमोग्लोबिन तरीही सात-आठच्या वर सरकत नाही, गाठ मोठी आहे, दुखण्यानं झोप नाही, तर ऑपरेशन करून घ्यावं आणि मनात किंतू ठेवू नये. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, पीळ पडलेलं अंडाशय, चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ), पाळीत गडाबडा लोळायला लावणारा एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), यांत दुर्बीण हा सहसा सगळ्यांत चांगला मार्ग आहे. एंडोमेट्रिओसिसचे बारीक डाग सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतच नाहीत. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुला सहन होत नाही" असं वर्षानुवर्षं ऐकलेल्या मुली असतात. त्यांचं दुखणं खरं असतं. पिशवीच्या आतल्या बाजूला असलेला मस्सा किंवा लहान गाठ तर पोटावर एकही छिद्र न पाडता, योनीमार्गातून दुर्बीण घालून काढता येते, आणि बाई बऱ्याचदा त्याच दिवशी घरी जाते.

प्रत्येक वेळी दुर्बीणच बरी असं मात्र नाही. अंग बाहेर आलेलं असेल किंवा पिशवी फार मोठी नसेल, तर पोटाला हात न लावता खालून पिशवी काढता येते. हा मार्ग जुना आहे, स्वस्त आहे, आणि जमत असेल तिथे जगभरचे तज्ज्ञ त्यालाच पहिली पसंती देतात. त्याची जाहिरात होत नाही, म्हणून विचारायला हवं: "डॉक्टर, खालून होईल का?" पिशवीच्या मुखाच्या कॅन्सरबद्दल तर विशेष सावध राहा. या कॅन्सरसाठी दुर्बिणीनं मोठं ऑपरेशन करण्याची 'पुणे टेक्निक' २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आणि जगभर वाचली गेली. पण २०१८ मध्ये अनेक देशांतल्या ६३१ स्त्रियांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला. साडेचार वर्षांनंतर, कॅन्सर न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांत ९६.५ टक्के होतं, तर कमी छेदाच्या पद्धतीत ८६ टक्के. तेव्हापासून त्या कॅन्सरसाठी पोट उघडून करणं हीच प्रमाण पद्धत मानली जाते. पिशवीच्या अस्तराच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बीण चालते. निदान कोणतं आहे ते नेमकं कळल्याशिवाय मार्ग ठरवू नये, ते यासाठी.

मोठा फायब्रॉइड छोट्या छिद्रातून बाहेर काढायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात. क्वचित त्या गाठीत न कळलेला कॅन्सर असतो आणि तुकडे करताना तो पोटभर पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये यावर इशारा दिला होता. गाठ आधी एका वेगळ्या, बंद थैलीत घेऊन तिच्या आतच तुकडे करणार का, हे आधी विचारून घ्या.

वराळ्याच्या बाईनं जावं कुठे? पहिल्या तपासणीसाठी टाकवे, खडकाळा, कार्ला इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि कान्ह्याचं सरकारी रुग्णालय आहे. हाकेच्या अंतरावर तळेगावात मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. लोकलनं पिंपरीला उतरलं की यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पुण्याला उतरलं की ससून. शिकवणाऱ्या रुग्णालयात रांग लागते, विद्यार्थी भोवती असतात, पण भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एका आवारात असतात, आणि अडचण आली तर त्याची किंमत कळते. लहान खासगी रुग्णालयात ऑपरेशन करायचं असेल तर बाहेरून येणारे सर्जन कोण, ऑपरेशननंतर रात्री कोण थांबणार, आणि काही झालं तर कुठे हलवणार, हे नावानिशी विचारा. अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता, हेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

पैशांचं आधी पाहा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व कुटुंबांना खुली आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचं ऑपरेशन तिथे बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या क्रमांकावर कळेल. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, बिल भरल्यावर कार्ड दाखवून उपयोग नसतो. एमआयडीसीत काम करणाऱ्या आणि पगारातून ईएसआय कापला जाणाऱ्या बायकांना चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय आहे. शिवाय हजेरीची अट पूर्ण असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. ठेकेदाराकडे असाल तरी हा हक्क आहे. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र वेळेत घ्या.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचून घ्या, मराठीत मागा. दिल्लीत एका बाईनं दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती संमती ग्राह्य धरली नाही. सज्ञान बाईच्या शरीराबद्दल संमती तिचीच. म्हणून आधीच स्पष्ट बोला: अंडाशयं ठेवणार की काढणार? पंचेचाळिशीच्या आत निरोगी अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि दुर्बिणीनं जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, हेही त्या कागदावर असतं. आधीची सिझेरियन असतील, आतडी चिकटलेली असतील, तर तसं करावं लागू शकतं. तो शहाणपणाचा निर्णय असतो, त्यात सर्जनची हार नाही.

तयारी महिनाभर आधी सुरू करा. हिमोग्लोबिन दहाच्या वर आणायचंय. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. मिश्री लावत असाल तर बंद करा. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आणि हे डॉक्टरांपासून लपवू नका. ऑपरेशनच्या सहा तास आधी जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञ सांगतील ते अखेरचं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथनी घरीच काढून ठेवा, कारण विजेच्या उपकरणानं धातूपाशी भाजू शकतं. जोडवी बोटात रुतून बसलेली असतील तर आदल्या दिवशी साबणाच्या पाण्यानं सावकाश काढा. ऐन वेळी थिएटरच्या दारात पकडीनं तोडायची वेळ येते आणि बाईचा जीव कासावीस होतो. नखांवरची नेलपॉलिश पुसा.

आता घरी आल्यावरचं. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, म्हणून घरचे घाबरतात. पोटात उरलेल्या वायूनं श्वासपटल चिडतं आणि ती वेदना खांद्यात जाणवते. चालल्यानं, गरम पाणी प्यायल्यानं कमी होते. त्याच संध्याकाळी उठून चार पावलं टाका, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते गरजेचं आहे. आठवडा-दोन आठवडे थोडं लालसर किंवा तपकिरी जाणं चालतं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: दुखणं दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा कमी व्हायला हवं. दुर्बिणीत आतड्याला कुठे इजा झाली असेल, तर ती कधी कधी तिसऱ्या ते सातव्या दिवशी उघड होते, म्हणजे बाई घरी असताना. पोट फुगत चाललंय, उलट्या थांबत नाहीत, ताप १०० च्या वर आहे, तासाला एक पॅड भिजतंय, लघवी होत नाही किंवा योनीमार्गातून पाण्यासारखं सतत गळतंय, पोटरी सुजली, धाप लागली, यातलं एकही झालं तर उद्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ऑपरेशन झालं तिथेच जा. निदानासाठीच्या साध्या दुर्बिणीत गंभीर गुंतागुंत हजारात दोघींनाच होते, मोठ्या ऑपरेशनात त्याहून जास्त, पण वेळेत ओळखली तर बहुतेक निस्तरता येते. खांडी-सावळ्यासारख्या आंदर मावळाच्या टोकाच्या गावात राहत असाल आणि पावसाळा असेल, तर पहिला आठवडा वराळ्याला किंवा तळेगावला नातलगांकडे काढा.

सगळ्यांत अवघड पथ्य विश्रांतीचं. पोटावर तीन बारीक पट्ट्या, तोंडावर थोडी टवटवी, की चौथ्या दिवशी घरातले गृहीत धरतात. हंडा उचलला जातो, नातू कडेवर येतो, शेणाची पाटी डोक्यावर जाते. पण पिशवी काढलेली असेल तर आतल्या टाक्यांना सहा आठवडे लागतात, मोठं वजन तोवर उचलायचं नाही, आणि नवऱ्याशी संबंध सहा ते आठ आठवडे नको. घाई केली तर आतले टाके उसवून पुन्हा थिएटर गाठावं लागू शकतं. हे सासूबाईंना आणि नवऱ्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, डिस्चार्जच्या वेळी त्यांना सोबत बोलवा. ऑपरेशन तातडीचं नसेल तर तारीख शेतीचं पाहून घ्या. जून-जुलैत भातलावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, दोन्हीत वाकून दिवस जातो. लावणी उरकल्यावर ऑगस्टमध्ये, किंवा झोडणी संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत करून घेतलं तर विश्रांतीसाठी कोणाशी भांडावं लागत नाही.

काढलेली पिशवी किंवा गाठ तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाते आणि रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. तो आणायला पुष्कळ जणी जातच नाहीत. तो आणा, डॉक्टरांना दाखवा, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदीसोबत एका फायलीत ठेवा. आणि पिशवी काढताना मुख ठेवलं आहे का, हे त्या कार्डावर लिहून घ्या. ठेवलं असेल तर मुखाच्या कॅन्सरची तपासणी पुढेही ठरलेल्या मुदतीनं करावी लागेल.